पंचमाशेजारची घूं

रात्री साडेदहाच्या पुढे अंबाजोगाईतली वर्दळ ओसरते. योगेश्वरीच्या मंदिराकडची दुकानं बंद झालेली असतात, रस्त्यावरून एखादी मोटरसायकल जाते तेवढीच. गाणं ऐकायला हीच वेळ चांगली. जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरात ॲम्प्लिफायरचा दिवा लागतो, तानपुरा सुरू होतो आणि गायकाचा षड्ज लागायच्या आतच ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तानपुऱ्यामागे आणखी काहीतरी वाजतंय. मंद, एकसुरी, श्वास न घेणारी घूं. गाणं थांबवलं तरी ती थांबत नाही.

या घूंला स्वर आहे आणि तो मोजता येतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. ती थेट स्पीकरमध्ये शिरली तर घूं ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायर एसीची डीसी करतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात दोन हेलकावे उठतात, त्यामुळे तिथून येणारी घूं १०० हर्ट्झची. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा तानपुरा घ्या. त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. घूं १०० वर आणि पंचम १०४ वर. इतके जवळचे दोन स्वर एकत्र वाजले की कानाला लाटा ऐकू येतात, इथे सेकंदाला चार. तानपुरा जुळवताना कलावंत डोळे मिटून, खुंटी केसभर फिरवत नेमक्या याच लाटा घालवत असतो. त्याने मैफलीआधी घालवलेल्या लाटा ऐकणाऱ्याच्या घरातलं वायरिंग परत आणतं.

दोष यंत्राचा की घराचा, हे ठरवायची एक साधी परीक्षा आहे. ॲम्प्लिफायर उचलून दुसऱ्या घरी न्यायचा आणि तिथे वाजवायचा. तिथेही तो गुणगुणत असेल तर आतले जुने कपॅसिटर दमलेत, मेकॅनिकला दाखवावं. पण दुकानात चोख वाजणारा आणि घरी आणल्यावर घूं करणारा ॲम्प्लिफायर अनेकांनी अनुभवला आहे. अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराशी भांडतात, महागडी केबल आणतात, शेवटी यंत्रच बदलतात. भिंतीतल्या वायरीकडे लक्ष जातं ते सगळं करून थकल्यावर. क्रम उलटा हवा. गाण्यावर दोन पैसे खर्च करणाऱ्याने त्यातला पहिला वायरमनला द्यावा.

अंबाजोगाई ज्या जिल्ह्यात आहे त्या बीडमध्ये विजेचा विषय निघाला की परळी आलीच. वैजनाथाच्या या गावात १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे तीन संच आले, मग २५० मेगावॅटचे. घराघरात ऐकू येणारी ती ५० हर्ट्झची घूं मात्र परळीची एकटीची नाही. २०१३ च्या दुष्काळात पाणी उरलं नाही म्हणून परळीचे संच बंद करावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तरी केजला किंवा गेवराईला दिवे लागत राहिले, कारण वीज ग्रिडमधून येते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही उच्चदाब वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाशी एका तालात आलं. आज धारूरच्या घरातली वीज आणि गुवाहाटीच्या घरातली वीज एकाच क्षणी पुढे-मागे होते. हा ताल ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखायचा असतो.

नेहमीच असं नव्हतं. १९९० च्या दशकात विजेची मागणी वाढली की हा आकडा ४८.५ पर्यंत घसरत असे. बल्बला त्याचं काही वाटत नव्हतं, पण सिंक्रोनस मोटरवर चालणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरची चाल ग्रिडच्या तालावरच ठरते. ५० चे ४८.५ झाले की तबकडी तीन टक्के सावकाश फिरते, आणि काळी एकचा षड्ज काळी एक व पांढरी एक यांच्या मधोमध कुठेतरी येऊन बसतो. सोबत पेटी धरणाऱ्याला त्या दिवशी पट्टीच सापडायची नाही. तो काळ सरला. ग्रिड सुधारलं, रेकॉर्डची जागा कॅसेटने, सीडीने आणि मग मोबाइलने घेतली. घरातली वायर तेवढी जुनीच राहिली.

मराठवाड्यातलं जुनं घर विजेसाठी बांधलेलंच नव्हतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर माळवद. वीज आली ती या भिंतींवरून, लाकडी पट्टीला क्लिपांनी ठोकलेल्या वायरीतून. पुढे प्लास्टिकची केसिंग पट्टी आली, स्लॅबच्या घरात वायर भिंतीतल्या पाइपात गेली. पण अनेक घरांत या तिन्ही पिढ्या एकाच वेळी नांदतात. माजघरात लाकडी पट्टी, ओसरीवर केसिंग, मागे नव्याने काढलेल्या खोलीत पाइप.

अशा घरातला बोर्ड एकदा उघडून पाहावा, अर्थात मेन स्विच बंद करून आणि जाणत्या माणसाकडून. चार स्क्रू सुटले की आधी धूळ आणि कोळिष्टकं बाहेर येतात. मग वायरींचा गुंता. जोड पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, तिचा चिकटा वितळून वाहिलेला. एखाद्या स्क्रूखाली तीन तारा कोंबलेल्या. त्यातली एक ओढली तर हातात येते. सॉकेटच्या एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं. तिथे कनेक्शन सैल आहे, दर वेळी बारीक ठिणगी पडते, पिन तापते. रेडिओ लावून तो बोर्ड हलकेच दाबला तर खरखर ऐकू येते. परभणी आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला ही खरखर चांगली ओळखीची आहे. स्टेशन लागत नाही म्हणून ते लोक एरियल फिरवत राहिले, आणि ठिणगी घरातच पडत होती.

आणि मोठ्या सॉकेटच्या वरच्या भोकामागे, जिथे अर्थिंगची हिरवी वायर असायला हवी, तिथे पुष्कळदा काहीच नसतं. तीन पिनांचा सॉकेट आणि दोनच वायरी. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी न्यूट्रलचाच तुकडा तिथे जोडून ‘अर्थिंग दिलं’ म्हणून सांगितलेलं असतं. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर यंत्राच्या पत्र्यावर अख्खा फेज येऊन बसतो.

घरातल्या वायरिंगमधून गाण्यात अडथळा येतो तो दोन वाटांनी. पहिली वाट सामायिक वायरीची. वायरमन एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटला, तिथून तिसऱ्याला लूप मारत जातो. त्यात वायर वाचते, वेळ वाचतो. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, ही आयटीआयमध्ये शिकवली जाणारी मर्यादा. प्रत्यक्षात त्याच वायरीवर पुढे फ्रिज जोडला जातो, मिक्सर जोडला जातो, कधी हौदावरची मोटरही. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो; स्पीकरमध्ये ‘टक्’ होतं. मिक्सरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या गाण्यात चर्रर्र करून उतरतात. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर विजेची लाट मधेच कापून चालतो, आणि त्या कापलेल्या कडेचा झर्र असा कर्कश आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो. पंखा पूर्ण वेगावर केला आणि हा आवाज गेला, तर गुन्हेगार सापडला. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवला की ही कटकट मिटते.

दुसरी वाट जास्त फसवी, कारण ती सगळं नीट असलेल्या घरातही निघते. समजा ॲम्प्लिफायर दिवाणखान्यातल्या एका सॉकेटवर आहे आणि संगणक शेजारच्या खोलीतल्या सॉकेटवर. दोघांनाही रीतसर अर्थिंग आहे. गाणं ऐकायला दोघांच्या मधे ऑडिओ केबल टाकली. आता दोन्ही यंत्रं दोन ठिकाणी जोडली गेली, एकदा भिंतीतल्या हिरव्या वायरीने आणि एकदा ऑडिओ केबलच्या जाळीने. वर्तुळ पूर्ण झालं. या वर्तुळातून घरभरच्या विजेचा बारीकसा अंश फिरत राहतो आणि केबलच्या जाळीवरून जाताना गाण्यात मिसळतो. जाणकार याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा तीन पिनी चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की घूं क्षणात थांबते, तो याचाच पुरावा. कधी हे वर्तुळ घराबाहेरूनही पूर्ण होतं. केबल टीव्हीची वायर दूर कुठेतरी खांबावर जमिनीला जोडलेली असते; ती सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत आणि टीव्हीतून ॲम्प्लिफायरमध्ये येते. केबलची पिन काढून पाहिली की दोन मिनिटांत निवाडा होतो.

याचा एक ‘इलाज’ गावोगाव माहीत आहे. तीन पिनेतली अर्थिंगची पिन तोडायची किंवा तिला टेप गुंडाळायची. घूं जाते, हे खरं. तो इलाज कधीही करू नये. ॲम्प्लिफायरच्या आत एक वायर सुटून पत्र्याला टेकली तर करंट जमिनीत जायची वाट आपण स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. मग तो जातो पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून, आणि घरात असा हात बहुधा लहान मुलाचा असतो. लूप तोडायचा तर दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवावीत, म्हणजे वर्तुळ हातभर उरतं. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ केबलच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. त्यातून गाणं चुंबकत्वाच्या रूपाने पलीकडे जातं, जाळीचा जोड मात्र तुटतो.

अर्थिंगचा विषय बीड जिल्ह्यात थोडा जास्त वेळ थांबून पाहावा असा आहे, कारण तो थेट पाण्याशी जोडलेला आहे. जमीन वीज वाहून नेते ती ओलीच्या जोरावर. माजलगाव, गेवराईकडच्या गोदाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मिळतं. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातल्या पाइपाभोवतीची पकड सुटते. बालाघाटावर, पाटोदा-आष्टीच्या बाजूला, हातभर मुरूम खणला की खाली काळा पाषाण लागतो. पाऊस आधीच कमी. अशा ठिकाणी पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग मे महिन्यात तेवढंच राहील याची खात्री नसते. ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल आणि झाकण, ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण वरून फनेल ठेवलंय ते त्यात पाणी ओतण्यासाठी, हे घर बांधून दोन वर्षं झाली की कुणाच्या लक्षात राहत नाही. झाकणावर तुळशीची कुंडी येते, नाहीतर फरशी बसते.

कोरड्या खड्ड्याने काय होतं, ते साध्या भागाकाराने कळतं. घरगुती अर्थिंग साधारण ५ ओहमच्या आत असावं अशी अपेक्षा असते. फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच, थोड्या वेळात पडेल. उन्हाळ्यात तोच खड्डा ५० ओहमवर गेला तर करंट साडेचार अँपिअरच्या आसपास. एमसीबीला हा एखाद्या इस्त्रीचा लोड वाटतो. ती पडत नाही, आणि पत्रा जिवंत राहतो. म्हणून दुष्काळी भागातल्या घरात आरसीसीबी हवीच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला की नाही, एवढाच हिशेब ती ठेवते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की खाड्कन पडते. ५० ओहमचा कोरडा खड्डाही तिला पुरेसा असतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अर्थिंगचा खड्डा जितका खोल तितकं गाणं गोड, असं सांगून दोन-तीन खड्डे खणायला लावणारे लोक असतात. घूं घालवायला खड्ड्याचे ओहम फारसे कामाचे नाहीत; सगळी यंत्रं एकाच अर्थवर, एकाच बिंदूशी जोडलेली असणं कामाचं. खड्डा माणसं वाचवण्यासाठी. अर्थिंग मुळीच नसेल तर मात्र गाण्यातही फरक पडतो. आजच्या बहुतेक यंत्रांत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे जाणारे छोटे गाळणी-कपॅसिटर असतात. त्यांनी गाळलेला गाळ जमिनीत जायला वाट मिळाली नाही तर तो पत्र्यावर साचतो. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श केला की लागणाऱ्या मुंग्या त्याच्याच.

मग गाण्यासाठी स्वतंत्र लाइन म्हणजे नेमकं काय? शब्द भारी वाटतो, काम साधं आहे. गीझरला आणि एसीला आपण सेपरेट पॉइंट काढतोच, तसाच हा. मेन डीबीमधून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डातून, एक फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ, अशा तीन अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरी एका पाइपातून सरळ ॲम्प्लिफायरच्या जागेपर्यंत. वाटेत कुठे जोड नाही, कुठे लूप नाही, दुसऱ्या कुठल्या बोर्डाला उसना दिलेला न्यूट्रल नाही. टोकाला १६ अँपिअरचे दोन-तीन चांगले सॉकेट एकाच बोर्डावर, म्हणजे ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, टीव्ही सगळे एकाच अर्थशी बांधले जातात. डीबीत १६ अँपिअरची स्वतंत्र एमसीबी, सी प्रकारची. मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर चालू करताना क्षणभर जोराचा करंट घेतो आणि बी प्रकारची एमसीबी तेवढ्यानेही पडू शकते. ऑडिओच्या केबली या लाइनला समांतर नेऊ नयेत. ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडाव्यात.

न्यूट्रलवर मुद्दाम भर द्यायला हवा. आपल्याकडे वायरमन फेज वेगळा काढतो आणि न्यूट्रल मात्र जवळच्या बोर्डातून उचलतो. घरमालकाला डीबीत नवी एमसीबी दिसते, लाइन स्वतंत्र झाली असं वाटतं. फ्रिजचा आणि मिक्सरचा करंट मात्र परतताना त्याच न्यूट्रलवरून जातो. अर्धी लाइन सामायिकच राहिली. तपासायला मीटर लागत नाही. डीबीतला त्या लाइनचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवावा, सोडवलेलं टोक टेपने झाकावं, बाकीचं घर सुरू करावं. घरातला एकही दिवा किंवा पंखा बंद राहिला नाही आणि फक्त गाण्याचा बोर्ड बंद पडला, तर काम खरं झालं. हीसुद्धा परवानाधारक वायरमनने, मेन बंद करून करायची परीक्षा आहे.

जाड वायरीने आवाज किती सुधारतो, याचाही हिशेब मांडून पाहावा. डीबीपासून दिवाणखाना १५ मीटर धरला तर जाऊन-येऊन वायर ३० मीटर. दीड एमएमच्या तांब्याला एवढ्या लांबीत साधारण ०.३६ ओहम रोध, अडीच एमएमला ०.२२, चार एमएमला ०.१४. घरगुती ॲम्प्लिफायर जोरात वाजवला तरी बहुधा दोन अँपिअरच्या आत राहतो. म्हणजे दीड एमएमवरही पाऊण व्होल्टच पडतो. २३० तल्या पाऊण व्होल्टने गाणं बदलत नाही. त्यामुळे चार एमएम टाका, सहा एमएम टाका, असं कुणी म्हणालं तर त्याला हा आकडा विचारावा. स्वतंत्र लाइनचा लाभ जाडीपेक्षा एकांतात जास्त आहे. फ्रिजने क्षणभर दहा-बारा अँपिअर ओढले तर दीड एमएमवर चार व्होल्टचा खड्डा पडतो. तो फ्रिजच्याच वायरीत राहिला की झालं.

सगळे प्रश्न घराच्या आतले नसतात. नियमाप्रमाणे घरगुती व्होल्टेज २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये असायला हवं. रब्बीत विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या की डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या टोकाला काय हाल होतात, ते खेड्यात कुणालाही विचारावं. व्होल्टेज १९० वर आलं तर साध्या ॲम्प्लिफायरची ताकद जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटते. तबल्याचा बायाँ फुटक्या डब्यासारखा वाजतो. यावर स्वतंत्र लाइनचा काही उपयोग नाही, स्टॅबिलायझर लागतो. त्याहून घातक प्रसंग म्हणजे डीपीवर न्यूट्रल तुटणं. अशा वेळी एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं आणि गल्लीतले टीव्ही एका दमात जळतात. ओव्हर-व्होल्टेज झाल्यावर लाइन तोडणारं छोटं उपकरण डीबीत बसवता येतं. ज्याने ॲम्प्लिफायरसाठी वर्षभर पैसे साठवलेत त्याने ते बसवावंच. आणि वळवाचे ढग बालाघाटावर चढू लागले की कुठल्याही उपकरणावर विसंबू नये. पिन सॉकेटमधून काढून ठेवावी, डिशची आणि केबलची वायरसुद्धा.

भारनियमनाच्या वर्षांनी मराठवाड्यातल्या घराला आणखी एक पाहुणा दिला, तो इन्व्हर्टर. स्वस्त इन्व्हर्टर देतो ती वीज लाटेसारखी गोल नसते, पायऱ्यांसारखी चौकोनी असते. चौकोनी लाटेत ५० हर्ट्झसोबत १५०, २५०, ३५० असे स्वर भरलेले असतात. ट्रान्सफॉर्मर त्यावर गुरगुरतो, स्पीकर घोगरतो. दिवे-पंख्याला चालतं ते गाण्याला चालत नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा, किंवा गाण्याची लाइन इन्व्हर्टरवर टाकूच नये.

हीच घूं दिवाणखान्यातून सप्ताहाच्या मंडपात जाते तेव्हा ती हजारोंच्या कानावर पडते. भगवानगडाचा नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावात होतो. माळरानावर मंडप पडतो, तात्पुरती वीज येते, जनरेटर येतो, आणि कीर्तनकाराच्या माइकची वायर व्यासपीठापासून मिक्सरपर्यंत चाळीस-पन्नास मीटर धावते. एवढ्या लांब वायरीला वाटेत दिव्यांच्या झालरी, पंखे, मोटरी सगळे भेटतात. तिथे साउंडवाले वापरतात ती तीन पिनी एक्सएलआर वायर मोठी युक्तीची आहे. तिच्यात आवाजाच्या दोन तारा असतात, एकीत आवाज सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेतली घूं दोघींत सारखीच शिरते. मिक्सर दोघींतला फरक तेवढा घेतो. आवाज दुप्पट होतो, घूं वजा होऊन जाते. दूरध्वनीच्या जोडतारांत हीच कल्पना शंभर वर्षांहून जास्त काळ राबते आहे. अनुभवी साउंडवाला आणखी एक पथ्य पाळतो. मंडपात तीन फेज असतील तर रोषणाई वेगळ्या फेजवर देतो आणि आवाजाची सगळी यंत्रं एकाच फेजवर ठेवतो. माइक एका फेजच्या यंत्राचा आणि पेटीवाल्याचा कीबोर्ड दुसऱ्या फेजवर, असं झालं आणि अर्थिंग सदोष असलं, तर दोघांच्या पत्र्यांत चारशे व्होल्टचं अंतर उभं राहू शकतं. टाळकऱ्यांच्या गर्दीत असा धोका कुणालाच दिसत नसतो.

शुद्ध विजेच्या ध्यासाला जगात अंत नाही. जपानमध्ये काही शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर उभारून घेतल्याची हकीकत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१६ मध्ये छापली होती. त्या देशाच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ वीज आहे, त्यामुळे तिथली घूंसुद्धा दोन भागांत वेगळ्या स्वरात येते. आपल्याकडच्या माणसाने खांबापर्यंत जायची गरज नाही. हजारो रुपयांच्या पॉवर कॉर्डचीही नाही. भिंतीत वीस मीटर साधी तांब्याची वायर असताना शेवटच्या दीड मीटरला सोन्याचं पाणी चढवून काय होणार? तेवढ्या पैशांत स्वतंत्र लाइन, आरसीसीबी, नवे सॉकेट आणि एका चांगल्या वायरमनची दिवसभराची मजुरी भागून वर काही उरेल. घर नवं बांधायचं असेल तर आणखी सोपं. भिंतीला गिलावा होण्याआधी डीबीपासून दिवाणखान्यापर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवला तर पुढे कधीही लाइन ओढता येते.

अंबाजोगाईतल्या त्या घरात हे सगळं होऊन गेलं असं समजू. डीबीत नवी एमसीबी आहे, तिच्यावर वायरमनने पेनाने ‘साउंड’ असं लिहिलंय. अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यावरची कुंडी बाजूला सरकवलेली आहे, आणि मे महिन्यात भाजी धुतलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता बादलीत साठून संध्याकाळी त्या फनेलमध्ये जातं. रात्री ॲम्प्लिफायर लावून आवाज अर्ध्यावर नेला तरी स्पीकरच्या जाळीला कान लावूनही काही ऐकू येत नाही. तानपुरा सुरू होतो. पहिली तार पंचमावर निवांत उभी राहते. तरी थोड्या वेळाने कुठूनतरी तीच घूं येतेय असं वाटतं, १०० हर्ट्झचीच. खिडकी उघडी आहे. गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी तिच्या जागी गुणगुणतेय. ऐकणारा उठतो, खिडकी लावून घेतो आणि परत येऊन बसतो. विलंबित अजून सुरू व्हायचाय.